विद्यापीठांचे प्रकाशन-करार व संशोधन-लेखांचा मुक्त प्रवेश

ता. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेस मंजुरी दिली आणि ता. १ जानेवारी २०२५ पासून ती अंमलांत आली. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ असा तिच्या नांवाचा अर्थ. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांकरितां ६,००० कोटि रुपये नेमून तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें या योजनेनें वाचावयास घेतलीं आहेत. केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था मिळून ६,३०० हून अधिक संस्था, व त्यांतील सुमारें १ कोटि ८० लक्ष विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक यांस तिचा लाभ आहे. कारभार गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ ही विद्यापीठ अनुदान आयोगाची संस्था पाहते. ‘वाचावयास घेतलीं’ हे शब्द आम्ही जाणून वापरीत आहों. ‘विकत घेतलीं’ असें म्हणतां येत नाहीं. आणि तें कां म्हणतां येत नाहीं, हें कळल्याखेरीज विद्यापीठें व प्रकाशक यांच्यामध्यें हल्लीं जे करार होत आहेत त्यांचें मर्म ध्यानांत येणार नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकांनीं या रुक्ष विषयांत कां शिरावें, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर पुढें ओघानेंच येईल.

प्रथम लेखाचा प्रवास पाहूं. संशोधक लेख लिहितो. त्याचें वेतन बहुधा विद्यापीठाकडून, म्हणजे पुष्कळ अंशीं लोकांच्या करांतून येतें. लेख नियतकालिकाकडे गेला म्हणजे संपादक तो त्या विषयांतील दोघां-तिघां जाणत्यांकडे परीक्षणासाठीं पाठवितो; हे परीक्षकहि मोबदला घेत नाहींत. छापून आल्यावर लेखकाच्या हातीं कांहीं पडत नाहीं. उलट लेखाचा स्वामित्वहक्क तो सही करून प्रकाशकास देऊन टाकतो. नंतर तोच लेख त्याच विद्यापीठाचें ग्रंथालय वर्गणी भरून वाचावयास घेतें. शेतकऱ्यानें धान्य पिकवावें, गांवानें तें निवडून द्यावें, आणि दुकानदारानें तेंच गांवास विकावें, असा हा व्यवहार. दुकानदाराचें काम फुकाचें नाहीं, हेंहि म्हटलें पाहिजे. जुळणी, मुद्रण, सूची, जतन, वितरण यांस खर्च येतो. वाद आहे तो खर्चाविषयीं नव्हे, त्यावरील मक्त्याविषयीं. एका लेखाचें काम दुसऱ्या लेखानें भागत नाहीं. म्हणून प्रकाशक सांगेल ती किंमत ग्रंथालयास द्यावी लागते.

ही स्थिति मुळापासूनची नाहीं. १६६५ सालीं लंडनांत हेन्री ओल्डनबर्ग यानें ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ काढलें, तेव्हांपासून पुढें सुमारें तीन शतकें विद्वत्सभांचीं नियतकालिकें बहुधा तोट्यांतच चालत आणि त्या सभा तीं एकमेकींस भेट पाठवीत. १८०४ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या व पुढें रॉयल एशियाटिक सोसायटीची शाखा झालेल्या सभेच्या नियतकालिकाचीहि रीत निराळी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनावरील सरकारी खर्च वाढला, विषयांच्या शाखा-उपशाखा झाल्या, आणि या वाढत्या पेठेंत व्यापारी कंपन्या उतरल्या. रॉबर्ट मॅक्सवेल यांची पर्गमॉन ही त्यांतील नामांकित. १९९१ सालीं ती एल्सव्हिअर या त्याहून मोठ्या कंपनीनें घेतली. लहान सभांनीं आपलीं नियतकालिकें एकामागून एक अशा घरांच्या स्वाधीन केलीं. पुढें कागदाची जागा संगणकानें घेतली आणि एक सूक्ष्म पण फार मोठा फरक पडला. पूर्वीं वर्गणी संपली तरी आलेले अंक ग्रंथालयाच्या कपाटांत राहत. आतां वर्गणी संपली कीं, करारांत जुन्या अंकांचा हक्क विशेषेंकरून राखून ठेवला नसल्यास, कपाटच नाहींसें होतें. विकत घेणें आणि भाड्यानें घेणें यांतील हा भेद होय.

या स्थितीस उत्तर म्हणून जी चळवळ निघाली तिला ‘ओपन ॲक्सेस’ म्हणतात. आम्ही तीस ‘मुक्त प्रवेश’ म्हणूं. फेब्रुवारी २००२ मध्यें बुडापेस्ट येथून जें निवेदन प्रसिद्ध झालें त्यांत या शब्दाची व्याख्या प्रथम नीट बांधली गेली: लेख कोणासहि, कोठूनहि, मोल न देतां वाचतां यावा, उतरून घेतां यावा व इतरांस देतां यावा, लेखकाचें नांव मात्र त्यावर राहावें. त्याच वर्षीं ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या नांवाचे परवाने निघाले. लेखावर असा परवाना एकदां छापला म्हणजे प्रकाशक बदलला, कंपनी विकली गेली किंवा करार मोडला, तरी दिलेली मोकळीक परत घेतां येत नाहीं. हा मुद्दा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्यावरच सर्व भिस्त आहे.

वाचकाकडून पैसा घ्यावयाचा नाहीं तर खर्च कोणी सोसावा? पुष्कळ नियतकालिकांनीं उत्तर काढलें कीं, लेखकानें. यास लेखशुल्क म्हणूं. २००३ सालीं ‘प्लॉस’ या संस्थेचें जीवशास्त्राचें नियतकालिक निघालें तेव्हां हें शुल्क १,५०० डॉलर होतें. २०२० च्या अखेरीस ‘नेचर’ या प्रख्यात नियतकालिकानें आपल्या लेखांसाठीं ९,५०० युरो हा आंकडा जाहीर केला. त्या वेळच्या भावानें तो आठ लक्ष रुपयांच्या वर जातो. म्हणजे वाचकाच्या दारावरील कुलूप काढून तें लेखकाच्या दारास लावल्यासारखें झालें. शिवाय शुल्क उकळण्यासाठींच निघालेलीं, परीक्षणाचें केवळ सोंग करणारीं नियतकालिकें भूछत्राप्रमाणें उगवलीं. आपल्याकडे पदोन्नतीसाठीं लेखांची संख्या मोजूं लागल्यापासून त्यांचा धंदा चांगला चालला, हेंहि कोणापासून लपलेलें नाहीं.

या कोंडींतून वाट काढण्यासाठीं विद्यापीठांनीं जे करार केले त्यांस ‘वाचन-व-प्रकाशन करार’ असें म्हणतां येईल. एका विद्यापीठानें, किंवा बहुधा देशांतील सर्व विद्यापीठांनीं संघ करून, प्रकाशकास एकच रक्कम द्यावयाची. तीमध्यें दोन गोष्टी येतात: त्या विद्यापीठांतील लोकांस प्रकाशकाचीं नियतकालिकें वाचावयास मिळतात, आणि त्या विद्यापीठांतील लेखकांचे लेख, त्यांच्या खिशास झळ न लागतां, सर्व जगास मोकळे होतात. लेख स्वीकारला गेला म्हणजे प्रकाशक लेखकाची संस्था पाहतो, त्या संस्थेच्या ग्रंथपालाकडे विचारणा जाते, ग्रंथपाल होकार देतो, आणि लेखकास शुल्काचें बिल येत नाहीं. लेखकानें स्वीकृतीच्या वेळीं आपल्या संस्थेचें नांव व संस्थेचाच पत्ता दिला पाहिजे, एवढेंच त्याचें काम.

नेदरलंड्समधील विद्यापीठांनीं स्प्रिंगर या प्रकाशकाशीं २०१५ पासून असा करार चालविला. जर्मनींतील संस्थांच्या संघानें वायली (२०१९), स्प्रिंगर नेचर (२०२०) व बऱ्याच वर्षांच्या ताटातुटीनंतर एल्सव्हिअर (२०२३) यांच्याशीं करार केले. पहिल्या दोहोंत हिशोबाचें माप वर्गणी हें न ठेवतां लेख हें ठेवलें: प्रत्येक जर्मन लेखामागें सुमारें २,७५० युरो, आणि वाचनाचा हक्क त्यांतच. कॅलिफोर्निया विद्यापीठाची गोष्ट विशेष बोधप्रद आहे. फेब्रुवारी २०१९ मध्यें त्यानें एल्सव्हिअरशीं बोलणें मोडलें व दोन वर्षें त्या प्रकाशकाच्या नव्या अंकांवांचून काढलीं. मार्च २०२१ मध्यें तोच प्रकाशक नव्या अटींवर करारास आला. त्यांतील एक अट आमच्या मतें अनुकरणीय आहे. प्रत्येक लेखामागें पहिले १,००० डॉलर ग्रंथालयानें द्यावे. उरलेली रक्कम लेखकाजवळ संशोधन-अनुदान असेल तर त्यानें द्यावी, नसेल तर तीहि ग्रंथालयानेंच सोसावी. इतिहास, व्याकरण, पुराभिलेख या विषयांत काम करणाऱ्यांजवळ अनुदान क्वचितच असतें. त्यांची सोय या अटीनें झाली.

आतां आपल्या योजनेकडे येऊं. ६,००० कोटि तीन वर्षांस, म्हणजे वर्षास २,००० कोटि. १ कोटि ८० लक्ष लोकांवर वांटलें तर दरडोई वर्षास सुमारें १,१०० रुपये पडतात. पूर्वीं निरनिराळ्या मंत्रालयांचे दहा ग्रंथालय-संघ आपापल्या संस्थांपुरती वर्गणी भरीत. त्यांच्या जागीं एकच खरेदीदार उभा राहिला, ही गोष्ट सामान्य नव्हे. पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेस पूर्वींहि उत्तम नियतकालिकें मिळत होतीं. परंतु एखाद्या तालुक्याच्या गांवच्या शासकीय महाविद्यालयास तींच पवईच्या बरोबरीनें मिळावीं, हें यापूर्वीं घडलें नव्हतें. या उपकाराचें मोल कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं.

परंतु ही रक्कम मुख्यत्वें वाचनासाठीं आहे. लेखशुल्कासाठीं वर्षास १५० कोटि रुपयांच्या मध्यवर्ती निधीची तरतूद योजनेंत सांगितली आहे. निवडक व चांगल्या मुक्त नियतकालिकांत छापणाऱ्या आपल्या लेखकांस तींतून साह्य व्हावें असा तिचा उद्देश. दोन्ही आंकडे शेजारी ठेवले तर वाचनाचे तेरा-चवदा रुपये आणि प्रकाशनाचा एक, असें प्रमाण पडतें. एका लेखामागें दोन लक्ष रुपये शुल्क धरलें तर १५० कोटींत साडेसात हजार लेख मोकळे होतील. भारतीय संशोधकांचे लेख वर्षास दोन लक्षांहून अधिक प्रसिद्ध होतात.

या दोन प्रकारच्या खर्चांतील भेद उपनगरांतल्या वाचकांस घराजवळच्या एका स्थळावरून समजावतां येईल. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील कान्हेरीचीं लेणीं कोणीं पाहिलीं नाहींत? कृष्णगिरि हें त्या डोंगराचें जुनें नांव. तेथील शंभरांहून अधिक लेण्यांत जे शिलालेख आहेत त्यांत कल्याण, सोपारा इत्यादि ठिकाणच्या व्यापाऱ्यांनीं व गृहस्थांनीं दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत, आणि पुष्कळ नोंदींत ‘अक्षयनीवी’ हा शब्द येतो. नीवी म्हणजे मुद्दल. दात्यानें दिलेलें मुद्दल कोणीं मोडावयाचें नाहीं. त्याच्या उत्पन्नांतून भिक्षूंस वस्त्र, अन्न वगैरे निरंतर मिळावें, अशी ती व्यवस्था. पुढें राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या अमदानींत, शिलाहार पुल्लशक्तीच्या काळीं, म्हणजे शके ७६५ च्या सुमारास कोरलेल्या तेथील एका लेखांत दानाची वांटणी दिली आहे. तींत विहाराच्या दुरुस्तीसाठीं व भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं द्रम्म नेमले आहेत, आणि त्यांबरोबरच पुस्तकांसाठींहि द्रम्म नेमला आहे. मुंबईच्या उपनगरांत ग्रंथसंग्रहासाठीं केलेल्या तरतुदीची इतकी जुनी दुसरी नोंद आम्हांस ठाऊक नाहीं.

आमच्या धर्मशास्त्रकारांनींहि या विषयाचा विचार केला आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या दानखंडांत विद्यादान हें एक स्वतंत्र दान म्हणून वर्णिलें आहे. पोथी लिहवून घेणें, ती योग्य स्थळीं ठेवणें व वाचणारांची सोय करणें, यांचा त्यांत समावेश होतो. जैनांच्या शास्त्रदानाची परंपराहि अशीच. लेखनिकाची मजुरी एकदां कोणी तरी दिली. नंतर वाचणाऱ्यास दाम पडला नाहीं. अर्थात् जुन्या काळाचें चित्र फार गोड करूं नये. पोथी दान झाली तरी ती वाचण्याचा अधिकार सर्वांस होता असें नाहीं, आणि कित्येक भांडारांच्या कुलपांवर पिढ्यान् पिढ्या गंज चढला होता. आम्ही दृष्टांत घेतों तो फक्त हिशोबापुरता.

त्या हिशोबानें पाहतां, वाचनासाठीं दिलेली वर्गणी हें दरसालचें भाडें आहे. २०२७ च्या अखेरीस मुदत संपली कीं पुन्हां पहिल्यापासून घासाघीस. प्रकाशनासाठीं दिलेलें शुल्क मात्र, तें अवाजवी असलें तरी, अक्षयनीवीच्या जातीचें आहे: त्यानें मोकळा झालेला लेख करार संपल्यावरहि मोकळाच राहतो, आणि तो केवळ त्या ६,३०० संस्थांसच नव्हे तर रस्त्यावरील कोणासहि मोकळा राहतो. म्हणून कोणत्याहि विद्यापीठाच्या कराराची प्रत हातीं आली तर प्रथम पाहावें तें हें कीं, दिलेल्या रुपयापैकीं किती आणे भाड्याचे आणि किती मुद्दलाचे.

रस्त्यावरील कोणी, असें आम्हीं म्हटलें, त्यांत आमचाहि समावेश आहे. शिक्षकाचा पेशा सोडून आतां बरींच वर्षें झालीं. आमचें वास्तव्य मुलुंडास. पवईची संस्था येथून दोन कोसांवर. कालिन्याचें मुंबई विद्यापीठ, देवनारची लोकसंख्या-विज्ञान संस्था व टाटा सामाजिक विज्ञान संस्था याहि गाडीनें तासाभराच्या आंत. योजनेंतील जो लेख पवईच्या विद्यार्थ्यास क्षणांत उघडतो, तोच आमच्या घरीं उघडूं गेल्यास मोल सांगतो. गतवर्षीं कान्हेरीच्या शिलालेखांवरील एक अलीकडचा इंग्रजी लेख आम्हांस हवा होता. सतरा पृष्ठांसाठीं एका परदेशी प्रकाशकानें चाळीस डॉलर मागितले, म्हणजे पृष्ठागणिक दोनशें रुपयांच्या आसपास. गंमत अशी कीं, वेस्ट यानें १८६१ मध्यें एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत दिलेले त्याच लेण्यांतील लेखांचे ठसे आज घरबसल्या विनामूल्य पाहावयास मिळतात. दीडशें वर्षांपूर्वींचें वाचन मोकळें, आणि त्यावरील दुरुस्त्या कुलपांत! इतिहासाच्या हौशी अभ्यासकानें जुनीं, खोडून निघालेलीं मतें कां उगाळावीं, असें विद्यापीठांतील मंडळी पुष्कळदां विचारतात. उत्तराचा बराच भाग येथें आहे.

आमची गणना कदाचित् कोणी अपवादांत करील. पण उपनगरांतील बहुसंख्य महाविद्यालयें खाजगी विश्वस्त मंडळांनीं चालविलेलीं आहेत आणि ‘शासनाच्या व्यवस्थापनाखालील’ या शब्दांत तीं बसत नाहींत. रुग्णालयांतील डॉक्टर, शाळांतील शिक्षक, वकील, पत्रकार, निवृत्त लोक, आणि आमच्यासारख्या मंडळांचे सभासद हे सर्व या योजनेच्या कुंपणाबाहेर आहेत. कांहीं करारांत, ग्रंथालयांत प्रत्यक्ष येऊन बसलेल्या बाहेरच्या वाचकासहि वाचूं देण्याची मुभा असते. ती मुभा आपल्या करारांत असल्यास विद्यापीठांनीं दारावर पाटी लावून कळवावी. पाटीस खर्च थोडाच येतो.

लेखक या नात्यानेंहि संस्थेबाहेरच्या संशोधकाची अडचण होते. वाचन-व-प्रकाशन करार संस्थेच्या नांवानें होतो. ज्याला संस्था नाहीं त्याला शुल्क स्वतः भरावें लागतें. गरीब देशांतील लेखकांस प्रकाशक शुल्क माफ करतात, पण त्या याद्या देशाच्या एकंदर उत्पन्नावरून केलेल्या असल्यामुळें बहुतेक यादींत भारताचें नांव नसतें. राष्ट्र मोठें झालें याचा आनंद मानावा, कीं मुलुंडचा पेन्शनर त्यामुळें सधन ठरला याचें नवल करावें, हें आम्हांस कळत नाहीं. इतिहास-संशोधनाची महाराष्ट्रांतील परंपरा तर बहुतांशीं संस्थेबाहेरच्यांनींच उभी केली. १८७८ सालीं ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला तो वर्गणीदारांच्या बळावर. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापलीं तीं कोणत्याहि विद्यापीठाच्या अनुदानावर नव्हे. त्या काळीं एक दफ्तर छापून काढण्यासाठीं लेखकाकडेच लक्ष-दोन लक्ष मागितले असते तर त्यांतील किती कागद उजेडांत आले असते?

लेखकाकडूनहि नाहीं आणि वाचकाकडूनहि नाहीं, अशी तिसरी वाट आहे काय? आहे, आणि तिचा एक मोठा प्रयोग घाटकोपरांत झाला, ही गोष्ट घाटकोपरकरांसहि फारशी ठाऊक नाहीं. परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथील अध्यापकांच्या सभेचें ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हें १९५५ पासून चाललेलें त्रैमासिक. गेल्या शतकाच्या अखेरीस डॉ. डी. के. साहू यांच्या पुढाकारानें ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था निघाली आणि या त्रैमासिकास इंटरनेटवर मुक्त प्रवेश मिळाला. तिचें कार्यालय पुढें घाटकोपर पूर्वेस लिंक रोडनजीकच्या एका व्यापारी संकुलांत होतें. तिची रीत साधी होती. इंटरनेटवरील अंक जगास फुकट, छापील अंकास वर्गणी, जोडीस जाहिराती. लेखकांकडून बहुतेक नियतकालिकें शुल्क घेत नसत. फुकट दिल्यानें वर्गणीदार पळतील, ही भीति खोटी ठरली. लेख सर्वत्र वाचला जाऊं लागला, त्याचे दाखले वाढले, परदेशांतून लेख येऊं लागले, आणि छापील अंकाचे ग्राहकहि टिकले. देशांतील वैद्यकीय सभांचीं शंभरांहून अधिक नियतकालिकें या घाटकोपरच्या कार्यालयांतून निघूं लागलीं. मुक्त प्रवेशाचा जगांत जेथें म्हणून विचार होई तेथें या उदाहरणाचा उल्लेख होत असे.

डिसेंबर २०११ मध्यें ही संस्था वॉल्टर्स क्लूवर या डच मुळाच्या बहुराष्ट्रीय कंपनीनें घेतली. पुढें त्यांतील कित्येक नियतकालिकांनीं लेखकांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला. येथें कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. एका उद्योगी गृहस्थानें उभारलेली गोष्ट त्यानें योग्य वाटलें तेव्हां विकली. पण एवढें काम होत असतां एकाहि विद्यापीठास, एकाहि मंत्रालयास असें वाटलें नाहीं कीं, वर्गणीच्या कोट्यवधि रुपयांतील अल्पसा अंश येथें मुद्दल म्हणून घालावा. ब्राझीलमध्यें त्याच सुमारास ‘सायेलो’ हें सार्वजनिक संशोधननिधीच्या आश्रयानें निघालें. त्यानें लॅटिन अमेरिकेंतील शेंकडों नियतकालिकांस मुक्त प्रवेशाचें घर दिलें, आणि तें अद्याप चालू आहे. घाटकोपरची कल्पना उणी नव्हती. उणें पडलें तें तिच्यामागचें निधीचें पाठबळ.

चौथी एक वाट आहे, ती सर्वांत स्वस्त. लेख कोठेंहि छापला जावो. परीक्षणानंतरची आपली अंतिम प्रत लेखकानें आपल्या संस्थेच्या संग्रहांत सर्वांसाठीं ठेवावी. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं डिसेंबर २०१४ मध्यें आपल्या अनुदानांतून झालेल्या कामासाठीं असें धोरण जाहीर केलें. धोरण चांगलें; पाळणारे थोडे. गोरेगांव येथें १९८७ सालीं रिझर्व्ह बँकेनें स्थापिलेल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ आपले निबंध छापून येण्यापूर्वींच संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांस देतात. ते वाचण्यास आम्हांस कधीं अडथळा आला नाहीं. विद्यापीठांच्या प्रबंधांसाठीं ‘शोधगंगा’ हा संग्रह आहे, आणि त्यांत मराठ्यांच्या इतिहासावरील कित्येक प्रबंध, एरव्हीं एखाद्या विभागाच्या कपाटांत धूळ खात पडले असते ते, कोणासहि वाचतां येतात. शब्दलेखन किती वाईट असूं शकतें याचाहि पुरावा तेथें मुबलक सांपडतो. पण तो विषय वेगळा.

आतां उरला आमच्या मंडळाचा संबंध. आम्ही कोणाकडून लेखशुल्क घेत नाहीं, परीक्षकांस मोबदला देत नाहीं, आणि अंक वर्गणीवर व देणग्यांवर निघतो. म्हणजे मुक्त प्रवेशाची अर्धी वाट न कळत चाललोंच आहों. उरलेल्या अर्ध्या वाटेंत अडचण पैशाची तितकी नाहीं, हक्कांची आहे. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें, १९९२ च्या दुरुस्तीनंतर, लेखाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षें चालतो. राजवाडे १९२६ च्या अखेरीस वारले; त्यांचें लेखन आज कोणीहि छापावें. पण जो लेखक १९८० सालीं वारला त्याचा १९३५ सालचा चार पानांचा लेखहि २०४० च्या अखेरपर्यंत त्याच्या वारसांचा आहे, जर त्यानें हक्क लेखी दिले नसतील. आणि जुन्या काळीं असें लेखी कोण देई? लेख टपालानें येई, पोंचल्याचें कार्ड जाई, अंक छापला जाई. त्यामुळें जुने अंक सर्वांसाठीं मोकळे करावयाचे म्हटलें तर ज्यांचा हक्क अद्याप चालू आहे अशा शेंकडों लेखकांचे वारस शोधणें आलें. त्यांतील निम्मे लोक आपल्या आजोबांनीं असा लेख लिहिला होता हेंच जाणत नसतील.

मागील अंकांचें जें व्हावयाचें तें होईल. पुढील अंकांसाठीं उपाय सोपा आहे. लेख स्वीकारतांना लेखकाकडून एका पानावर दोन ओळी सहीनिशीं घ्याव्या: हक्क लेखकाकडेच राहील, आणि हा लेख लेखकाचें नांव राखून कोणासहि वाचण्यास, उतरून घेण्यास व पुनर्मुद्रित करण्यास मोकळा आहे. त्या दोन ओळी अंकांत लेखाच्या पायथ्याशीं छापाव्या. ज्या लेखकांचे वारस मंडळाच्या परिचयाचे आहेत त्यांजकडून जुन्या लेखांसाठीं अशीच पत्रें आणवावीं; पुणें, सातारा, ठाणें व मुंबई येथील सभासदांनीं आपापल्या गांवचीं घरें वांटून घेतलीं तर वर्ष-दीड वर्षांत बरीच यादी पुरी होईल. विद्यापीठांत नोकरी करणाऱ्या लेखकांनीं परदेशी नियतकालिकास लेख देतांनाहि सहीपूर्वीं कागद नीट वाचावा: अंतिम प्रत आपल्या संस्थेच्या संग्रहांत ठेवण्याचा हक्क त्यांत राखला आहे काय, ठेवल्यास किती महिन्यांनीं ती उघडतां येईल, आणि आपल्या संस्थेचा त्या प्रकाशकाशीं प्रकाशन-करार आहे काय. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ग्रंथपालाजवळ असतें. लेख पाठविण्यापूर्वींच त्याची भेट घ्यावी, कारण संस्थेचा पत्ता लिहावयाचा राहिला आणि अंक निघून गेला, म्हणजे मागाहून कांहीं करतां येत नाहीं.